गिंबालच्या गाडीचा बिघाड

एलिसियो ताबिओलोचा मेकॅनिक नावाच्या जातीवर काडीचा विश्वास नव्हता. दर शनिवारी सकाळी, इलोइलोत ला पाझच्या बाजारामागच्या लहानशा रेडिओ केंद्रात माईकसमोर बसून तो हेच सांगायचा. गॅरेजवाला म्हणाला पार्ट बदलला, तर जुना पार्ट हातात मागा. फडक्यात गुंडाळून देईल, तर फडकं सोडून बघा; दुसऱ्याच गाडीचा निघेल. आणि जो बिघाड तुम्हाला जाणवत नाही पण त्याला दिसतो, त्याच्यावर आधी संशय घ्या. बॉनेट उघडा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग बोला.

लोकांना हे फार आवडायचं. आजवर ज्यांनी मान खाली घालून गॅरेजची बिलं भरली, त्यांना एकदम आपण शहाणे झाल्यासारखं वाटायचं. सगळे त्याला थोरल्या भावाच्या नात्यानं 'मानोंग सेयोंग' किंवा नुसतं 'नोंग' म्हणत. तो अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत राबला होता. गुडघा निकामी झाला तेव्हा घरी परतला, पण कान शाबूत होता. भर गोंगाटात एका बेअरिंगची कुरकुर त्याला वेगळी ऐकू यायची. संशयही तसाच बारीक. मासळीवालीकडे तो मासा दोनदा तोलून घ्यायचा, आणि दुसऱ्यांदा दुसरीच्या तराजूवर.

गिंबालचे हेर्मोहेनेस गायातिन हे त्याचे नेमाचे श्रोते. सान होसेच्या रस्त्यावर जन्मभर प्रवासी बस हाकलेला माणूस. आवाज ढोलासारखा, फोन आला की मारिविक, म्हणजे केंद्रातली फोन घेणारी बाई, रिसीव्हर कानापासून लांब धरायची. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी जपानी गाडी घेतली होती आणि तिला ते रोज पुसायचे. ती गाडी अलीकडे वरचेवर रुसायला लागली होती. आधी किल्ली फिरवली की नुसतं टक्, पुढे काही नाही. एलिसियोनं बॅटरीचं टर्मिनल हलवून बघायला सांगितलं. ते सैल निघालं. मग काही दिवसांनी इंजिन फिरायचं पण पेट घ्यायचं नाही. इग्निशन कॉइलची जाड वायर तपासायला सांगितली. ती खोबणीतून बाहेर आलेली. त्यानंतर पेट्रोल पंपाचा फ्यूजच जागेवर नव्हता.

"नोंग हेर्मो," एलिसियो माईकवरच म्हणाला, "फ्यूज उडतो, हे मला माहीत आहे. पण तो आपल्या पायांनी चालत घराबाहेर जात नाही. तुमच्या गाडीला कुणीतरी हात लावतंय."

"मला माहितीय कोण ते," हेर्मो म्हणाले. "बायकोच्या बहिणीचा पोरगा. त्याचा माझ्या गाडीवर डोळा आहे. बॉनेटला साखळी घालून कुलूपच लावतो आता."

त्या मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण गिंबालमध्ये सगळ्यांना कळलंच असणार.

त्याच सुमारास एक बाई फोन करायला लागली होती. नाव सांगायची नाही, गाव सांगायची नाही. आवाज दबका, देवळात कुजबुजावं तसा. पहिल्यांदा तिनं विचारलं होतं, की अशी कोणती बारीकशी वस्तू आहे, जी काढली तर गाडी सुरू होणार नाही, पण गाडीचं नुकसानही होणार नाही? चोरांना घाबरणारी कुणी एकटी बाई असेल, असं वाटून एलिसियोनं खूश होऊन सांगितलं होतं : पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि रात्री उशीखाली ठेवून झोपा. ती नीट आभार मानून गेली. तो विसरूनही गेला.

मग एका शनिवारी तिनं विचारलं, की ब्रेकचा लाल दिवा कशानं लागतो?

एलिसियोनं सांगितलं, हँडब्रेक ओढलेला राहिला तर, किंवा ब्रेक ऑइल कमी झालं तर.

"डबीतलं थोडंसं काढून घेतलं, तर लागेल?"

"कशाला काढायचं?"

तिच्या मागे पंखा फिरत होता. त्याचा बुश कोरडा पडला होता. दर फेऱ्याला एक टक्, आणि टक्च्या मागे हलकंसं घासणं.

"नुसतं विचारलं," ती म्हणाली. "थोडंसं काढलं तर ब्रेक लगेच जातो का, की काही काळ चालतो?"

एलिसियोच्या मनात पाल चुकचुकली. ब्रेक ऑइलला कुणी हात लावू नये, एवढंच बोलून त्यानं फोन तोडायची खूण केली, गाणं लावलं आणि मारिविककडे बघितलं. ती नखं रंगवत होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यानंही मग मनाला समजावलं, की लोक काय वाट्टेल ते विचारतात.

पुढच्या शनिवारी ढोल वाजला. हेर्मोंच्या गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागत होता. हँडब्रेक खाली होता. पॅडल तर दगडासारखं घट्ट लागत होतं, म्हणून ते दिवसभर तसेच फिरले होते. दिव्याचीच वायर खराब असावी, असा त्यांचा कयास. ते बोलत होते आणि एलिसियो ऐकत नव्हता. त्याला त्यांच्या मागचा पंखा ऐकू येत होता. टक्, आणि घासणं. टक्, आणि घासणं.

तोच पंखा. तेच घर.

त्यानं घसा साफ केला. गाडी जागची हलवू नका, म्हणाला. आपल्या जुन्या श्रोत्यांच्या घरी जाऊन गाडी तपासायची असं कार्यक्रमानं ठरवलंय, आणि पहिला नंबर तुमचा. आजच येतो. हेर्मोंना इतका आनंद झाला की त्यांनी तिथूनच बायकोला हाक मारली, "पुरिंग, मानोंग सेयोंग येतोय आपल्याकडे!" त्या हाकेला काहीच उत्तर आलं नाही, हेही एलिसियोनं ऐकलं.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं मारिविकला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग पोलिसांत जा ना, नोंग. तो म्हणाला, जाऊन काय सांगू, की पंख्याचा बुश वाजतो? मारिविकनं खांदे उडवले. मग जरा विचार करून म्हणाली, तिथे काही खाऊ नका म्हणजे झालं.

दुपारी तो गिंबालला पोचला. समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत लाकडी घर, पुढे अंगण, अंगणात सांतोलच्या झाडाखाली गाडी. बॉनेटला खरोखरच साखळी होती आणि तिला हे एवढं कुलूप. हेर्मो उंच, रुंद, इस्त्रीचा शर्ट घातलेले. त्यांनी एलिसियोला मिठीच मारली. रेडिओवर 'मानोंग' म्हणत, पण समोर बघितल्यावर वयाचा फरक दिसला, तेव्हा थेट 'तोतो'वर आले, धाकट्याला म्हणावं तसं. त्यांच्या बायकोनं, पुरिंगनं, मान हलवून नमस्कार केला. बारीक चणीची बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले. तिनं कॉफी आणि पानात गुंडाळलेला चिकट भात पुढे ठेवला. "या ना, घ्या," म्हणाली. आवाज तोच, दबका.

तिनं डोळे वर केले नाहीत. एलिसियोनं कॉफीचा कप हातात धरला, फुंकर घातली, गुडघ्यावर ठेवला, पुन्हा उचलला. हेर्मोंनी आपला कप रिकामा केला, तोंड पुसलं आणि व्यवस्थित जिवंत राहिले. तेव्हा कुठे त्यानं एक घोट घेतला. कॉफी चांगली होती. त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली, पण भाताला काही त्यानं हात लावला नाही.

कुलपाची किल्ली आपल्याशिवाय कुणाला मिळत नाही, असं हेर्मो ठासून सांगत होते. ती स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली होती.

एलिसियोनं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली. तो गाडीखाली आडवा झाला, चारही चाकांच्या आतून हात फिरवला, नळ्या बोटांनी चाचपल्या. कुठे ओल नाही, डाग नाही. ब्रेक पॅडही भरपूर शिल्लक. म्हणजे ऑइल खालून गळलं नव्हतं. मग तो उठून वरून बघायला लागला. डबीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत रंगाला बारीक बारीक फोड आले होते, थेंबाथेंबानं, एका ओळीत. ब्रेक ऑइल रंग खातं. कुणीतरी डबीतून ते वर ओढून काढलं होतं आणि बाहेर नेताना ठिबकलं होतं.

"बॅटरीचं ॲसिड असेल," हेर्मो त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाले.

"असेल," एलिसियो म्हणाला.

त्यानं सोबत आणलेली सीलबंद बाटली फोडून डबी भरली, पॅडल दाबून बघितलं. दिवा विझला. हेर्मो हात धुवायला आणि कपडे बदलायला आत गेले. त्यांना मानोंग सेयोंगला गाडीतून मिरवून आणायचं होतं. तेवढ्यात एलिसियो मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात गेला. पुरिंग विळीवर नारळ खवत बसली होती. खिडकीच्या फळीवर, कोंबड्यांना औषध पाजायची प्लास्टिकची मोठी सिरिंज पडली होती. तिच्या नळीच्या आत पिवळट तवंग.

"नांग पुरिंग," तो थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं हळू म्हणाला, "तुमचा आवाज मी ओळखला. फ्यूज काढणं वेगळं आणि ब्रेकशी खेळणं वेगळं. याला लोक काय म्हणतात, माहितीय ना?"

तिचा हात थांबला. ती घाबरेल, रडेल, नाकारेल असं त्याला वाटलं होतं. तिनं नुसता नारळाचा चुरा बाजूला सारला.

"दिवा लागावा म्हणून केलं," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. डॉक्टरचं ऐकत नाहीत. दिव्याचं ऐकतील असं वाटलं."

"कसला डॉक्टर?"

"डोळ्यांचा. इलोइलोला नेलं होतं मी. त्यानं सांगितलं, कडेचं दिसणं गेलंय, गाडी चालवू नका, हे थेंब घाला. तर हे बाहेर येऊन हसायला लागले. म्हणाले, मला काही जाणवत नाही आणि त्याला बरं दिसतं? मानोंग सेयोंग काय सांगतो, जो बिघाड आपल्याला जाणवत नाही त्याच्यावर आधी संशय घ्या. याला थेंब विकायचेत." तिनं आता पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "थेंबांची बाटली त्या दिवशीच गटारात गेली."

एलिसियोनं पुन्हा त्या सिरिंजकडे बघितलं. पण संशय असा एका फुंकरीनं विझत नाही. नवऱ्याच्या गाडीचे ब्रेक काढायला बसलेली बाई दुसरं काय सांगणार? त्यानं विचारलं, हे खरं कशावरून?

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," पुरिंग म्हणाली. "त्यांच्या शेजारी बसून एक चक्कर मारून या. मग या आणि मला काय म्हणायचं ते म्हणा."

गाडीत बसताना एलिसियोनं पट्टा दोनदा ओढून बघितला. ऑइल त्यानं स्वतः भरलं होतं, पॅडल स्वतः दाबलं होतं, तरी अंगणातून बाहेर पडताना त्याचा पाय आपोआप गाडीच्या तळावर दाबला जात होता. आणि मग काही वेळानं तो सैलावला, कारण हेर्मो गाडी सुरेख चालवत होते. गिअर लोण्यासारखे पडत होते. समोरून येणाऱ्या बसला जागा द्यायची लकब, खड्ड्याआधी पाय उचलायची लकब, सगळं मुरलेलं. रस्त्याच्या कडेला लोकांनी भात वाळत घातला होता, त्याला चाक न लावता ते मधून जात होते. पुतण्या-भाच्यांबद्दल, सान होसेच्या घाटातल्या वळणांबद्दल बोलत होते. एलिसियो मनात म्हणाला, बाईनं मला फसवलं. या माणसाला काय झालंय? चांगला नवरा, चांगलं घर, आणि ही मागच्या दारानं त्याचा काटा काढतेय.

मिआगावच्या दिशेला एक कच्ची वाट उजवीकडून हमरस्त्याला मिळते. तिथून एक ट्रायसिकल, म्हणजे साइडकार जोडलेली मोटरसायकल, येताना त्याला दिसली. साइडकारमध्ये भाजीच्या टोपल्या आणि टोपल्यांवर एक बाई मांडीत मूल घेऊन बसलेली. चालक हमरस्त्यावर वळायला लागला होता; समोरचा थांबेल असं गृहीत धरून. हेर्मोंचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच होता. ते घाटातल्या कुठल्याशा वळणाची गोष्ट सांगत होते. एलिसियोला वाटलं, आता दाबतील, आता दाबतील. ते दाबत नव्हते. ते ट्रायसिकलकडे बघतच नव्हते. बघत नव्हते म्हणजे मान वळवत नव्हते असं नाही, ती त्यांच्या जगातच नव्हती.

"थांबा!" एलिसियो ओरडला आणि त्यानं हँडब्रेक खेचला.

हेर्मोंनीही पाय मारला. ब्रेक लागले, चांगले करकचून लागले. गाडी तिरकी होऊन थांबली. ट्रायसिकलचं चाक बंपरपासून हातभर अंतरावरून निघून गेलं. टोपल्यांवरच्या बाईनं मुलाला छातीशी धरलं होतं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

हेर्मो स्टिअरिंग धरून बसले होते.

"कुठून आला हा?" ते म्हणाले. "बघितलंस तोतो? हल्ली असेच येतात. कुठूनही. हॉर्न नाही, काही नाही. आमच्या वेळी असं नव्हतं."

एलिसियोनं हात उचलला आणि हेर्मोंच्या गालाच्या बाजूनं, खांद्याच्या रेषेत, बोटं हलवली. हेर्मो समोर बघत बोलत राहिले. बोटं आणखी पुढे आणली. काही नाही. पार नाकाच्या रोखानं आणली तेव्हा ते दचकून म्हणाले, "काय, माशी आहे का?"

येताना गाडी एलिसियोनं चालवली. गुडघा दुखतोय, चालवून मोकळा करतो, अशी थाप मारली. अंगणात शिरल्यावर हेर्मो म्हणाले, "तुझा गुडघा दुखतोय आणि तुला क्लच दाबायचाय?"

जन्मभर गाडी हाकलेल्या माणसाला ही थाप पचणार नव्हतीच.

तेव्हा एलिसियोनं सरळ सांगितलं. तुम्हाला कडेचं दिसत नाही, नोंग. ती ट्रायसिकल मी केव्हाची बघत होतो. हेर्मोंचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्यांनी आधी एलिसियोकडे बघितलं, मग पायरीवर येऊन उभ्या राहिलेल्या पुरिंगकडे.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे हिनं तुला बोलावलंय. मघाशी स्वयंपाकघरात काय खुसुरफुसुर चालली होती ते आता कळलं. तो डॉक्टर, ही आणि आता तू. रेडिओवर एक बोलतोस आणि लोकांच्या घरात येऊन दुसरंच करतोस?"

एलिसियोला हे झोंबलं. कारण त्यांच्या जागी तो असता, तर त्यानंही अगदी हेच म्हटलं असतं. त्या माणसाला पुरावा कितीही दाखवा, तो पुराव्यावरच संशय घेणार. आणि हे शिकवणारा गुरू समोरच उभा होता. मग एलिसियो म्हणाला, "ठीक. डॉक्टरवर विश्वास ठेवू नका. माझ्यावर ठेवू नका. यांच्यावरही नको. पण एखाद्या पार्टवर शंका असेल तर आपण काय करतो?"

"चांगला पार्ट लावून बघतो," हेर्मो सवयीनं म्हणाले.

"तर तसंच करा. स्वतः."

त्यानं दोन खुर्च्या अंगणात समोरासमोर मांडल्या. हेर्मोंना सांगितलं, आधी नांग पुरिंगना बसवा आणि तुम्ही तपासा. त्यांनी तुमच्या नाकाकडे बघायचं, नजर हलवायची नाही. तुम्ही कानामागून बोटं हलवत पुढे आणायची, आणि दिसली की त्यांनी बोलायचं. हेर्मोंनी कुरकुरत हात उचलला. बोटं जेमतेम कानाच्या पुढे आली आणि पुरिंग म्हणाली, दिसली. दुसऱ्या बाजूनंही तसंच. हेर्मोंनी तिला चकवायला बोटं न हलवता हात नुसताच आणला, वरून आणला, खालून आणला. तिनं प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं.

मग पाळी त्यांची. एलिसियो मुद्दाम लांब जाऊन उभा राहिला. पुरिंगनं नवऱ्यासमोर बसून दोन्ही हात पसरले आणि बोटं हलवत हळूहळू आत आणली. कानापाशी. गालापाशी. हेर्मो तिच्या नाकाकडे एकटक बघत होते.

"सुरू कर की," ते म्हणाले.

पुरिंगची बोटं केव्हाची हलत होती. तिचे डोळे भरून आले, पण तिनं हात थांबवले नाहीत. ते जवळजवळ त्यांच्या भुवयांसमोर आले तेव्हा हेर्मो म्हणाले, "हां. आता दिसली." आणि मग त्यांनी बघितलं, की तिचे हात कुठे आहेत.

त्यांना ते पटेना. तू घाईनं आणलीस, म्हणाले. पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं. मग त्यांनी एलिसियोला बोलावलं, खुर्ची उन्हाकडून सावलीकडे वळवली, चष्मा काढला, घातला, एक डोळा झाकला. तो पुन्हापुन्हा करत राहिला, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, जोपर्यंत ते सांगत होते तोपर्यंत. शेवटी ते सांगायचे थांबले.

"माझ्या बसमध्ये लोक झोपायचे," ते म्हणाले. "सान होसेपर्यंत, घाटातसुद्धा. मागे वळून बघितलं की सगळे घोरत असायचे." मग बायकोला विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मिआगावहून येताना गाडी उडाली होती," पुरिंग म्हणाली. "तुम्ही म्हणालात दगड होता. मी मागे वळून बघितलं होतं. दगड नव्हता, कुत्रं होतं. माणूसही असता, तरी तुम्ही दगडच म्हणाला असता."

हेर्मो उठले. गाडीपाशी गेले, बॉनेट खाली केलं आणि साखळी घालत बसले. कुलूप काही त्यांच्या हातून लागेना. एलिसियोनं मदत करायला पाऊल उचललं, तेव्हा पुरिंगनं मानेनंच नको म्हटलं.

निघताना तो तिला एवढंच म्हणाला, की ब्रेकला पुन्हा हात लावू नका, काहीही झालं तरी. ती म्हणाली, नाही लावणार. आणि मग, तोंडावर आलेलं गिळून टाकावं तसं करून, "तुम्हीसुद्धा जरा जपून बोलत जा," म्हणाली.

डॉक्टरकडे हेर्मो गेले, पण एका अटीवर : एलिसियोनं सोबत यायचं आणि डॉक्टर फसवतोय का ते बघायचं. तिथे त्यांना एका यंत्रात डोकं घालून बसवलं, आत बारीक ठिपके लुकलुकत होते, दिसले की बटण दाबायचं. त्यांनी खुंट्यासारखा अंगठा ठेवला होता आणि तो फार कमी वेळा दाबला गेला. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायला थेंब घालावे लागतील, डॉक्टर म्हणाला. हेर्मोंनी विचारलं, दुसऱ्या कंपनीचे चालतील का? थेंब न घातलेल्या माणसाचा डोळा बघायला मिळेल का? एलिसियोच्या जिभेवर आणखी चार प्रश्न होते. ते त्यानं तिथेच दाबून धरले आणि जन्मात पहिल्यांदा एका तज्ज्ञ माणसापुढे गप्प बसून राहिला. त्याला ते जड गेलं.

थेंब आता पुरिंग घालते. हेर्मो दर वेळी बाटलीवरचं नाव वाचून मगच मान मागे टाकतात. गाडी तोच भाचा चालवतो, ज्याचा तिच्यावर डोळा होता; रविवारी दोघांना चर्चला नेतो. हेर्मो त्याच्या शेजारी बसून क्लचवरून त्याला फाडून खातात. तो फार खूश दिसतो, यात काहीतरी काळंबेरं आहे, असं त्यांचं अजून मत आहे. पुरिंगनं सगळं कबूल केलं, तेव्हा त्यांनी तिला फ्यूज आणि वायर माफ केली. ब्रेकचं मात्र काढतात मधूनमधून, जेवताना, पाहुण्यांसमोर. ती वाद घालत नाही. किल्ली मात्र तिनं खिळ्यावरून कधीच हलवली आहे, आणि कुठे ठेवली ते भाच्यालाही सांगत नाही.

त्यानंतरच्या एका शनिवारी ओटोनहून एका तरुणाचा फोन आला. गॅरेजवाला म्हणतो पुढची दोन्ही टायर बदला, आतल्या बाजूनं तारा दिसायला लागल्यात. मला तर बाहेरून नक्षी छान दिसतेय, चालवताना काही जाणवतही नाही. हा गंडवतोय ना, मानोंग?

मारिविकनं मान वर केली. पूर्वी असतं तर एलिसियो या घासावर तुटून पडला असता. त्यानं विचारलं, चाक पूर्ण वळवून आतली कड बघितलीस का? मुलगा म्हणाला, नाही.

"मग आत्ता जाऊन बघ. आणि तारा दिसल्या, तर आजच्या आज बदल. त्यानं खरं सांगितलंय."

मुलगा जरा गोंधळला. हो म्हणाला आणि फोन ठेवला. पुढचं गाणं संपायच्या आत मारिविकच्या फोनवर संदेश येऊन पडायला लागले. ती वाचत गेली आणि हसू दाबत गेली.

"काय म्हणतायत?" त्यानं विचारलं.

"म्हणतायत, मानोंग सेयोंगला टायरवाल्यांनी विकत घेतलं."

एलिसियोनं तिच्या हातातून फोन घेतला आणि माईक सुरू करून ते सगळे संदेश, एकही न गाळता, श्रोत्यांना वाचून दाखवायला लागला.